सगळं येतं म्हणणारी कौसल्या

माझी अर्धी दाढी झाली होती तेव्हा फोन आला. माळेगावात न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो, उजवा गाल उरकलेला, डाव्यावर साबण. माझी बायको कौसल्या जिथं कामाला होती त्या संस्थेतल्या स्वयंपाकीण शांताबाईंचा आवाज होता. "तात्या, वैनी पडल्यात. बारामतीला दवाखान्यात न्यायला लागल्यात. तुमी तडक तिकडंच या." कुठं पडल्या, कशा पडल्या विचारलं तर बाई रडायलाच लागल्या. पण मला सांगायची गरज नव्हती. दुपारचा एक वाजला होता, आणि त्या वेळेला कौसल्या कुठं उभी असते हे मला पक्कं ठाऊक होतं... माझी बायको गेली ती भर उन्हात एका खिडकीबाहेर उभी राहून. दाखल्यावर हृदय बंद पडलं असं लिहिलंय. लिहू देत. कागदावर काय असतं आणि खरं काय असतं, यातलं अंतर मला या वर्षात पुरतं कळलंय.

साबण तसाच घेऊन निघालो. पोचेपर्यंत संपलं होतं. मातीला माणसं जमली ती माझ्या तोंडाकडं बघत होती. भावकीतला एकजण म्हणाला, "तात्या, तोंड तरी धुवा." धुतलं नाही. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ज्याच्यावर ओरडायचं तो तिथं आलेला नव्हता, एवढंच मला त्या दिवसाचं आठवतं. आता सहा आठवडे झाले. ओरडणं अजून घशातच आहे, म्हणून लिहायला बसलो.

मेलेल्या माणसाला सगळे मायाळू म्हणतात. कौसल्या मायाळू नव्हती. हट्टी होती, तोंडाळ होती, आणि एकदा बोलली की मागं घेत नव्हती. तिला बघायला गेलो तेव्हा तिच्या आईनं माझ्या आईला छातीवर हात ठेवून सांगितलं, "सगळं येतं हो आमच्या कौसीला. भाकरी तर डोळं झाकून करती." लग्नानंतरची तिची पहिली भाकरी आमच्या म्हशीनं खाल्ली, तीपण दोनदा वास घेऊन. माझ्या आईनं डोक्याला हात लावला. तर ही नवी नवरी, पदर खोचून उभी, म्हणते कशी, "आत्याबाई, आईनं येतं म्हणून सांगितलंय ना? मग आता मला आलंच पायजे." आणि आठ दिवसांत आली. तिचा तो स्वभावच. आधी 'येतं' म्हणायचं, मग मागून धावत जाऊन ते खरं करायचं. त्या स्वभावावर ती सगळं आयुष्य जगली आणि शेवटी त्याच स्वभावानं तिचा गळा धरला.

मी कारखान्यात बॉयलरवर होतो. आमची लेक शाळेला जायला लागली तशी कौसल्या इंदापूर रोडच्या एका संस्थेत सेविका म्हणून लागली. नाव लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल. एका शिक्षिका ताईंनी मतिमंद मुलांसाठी दोन खोल्यांत शाळा काढली होती. पुढं मुलं मोठी झाली, काहींचे आईबाप गेले, मग तिथंच राहायची सोय झाली आणि कामाची शाळा झाली. मेणबत्त्या, कागदी पिशव्या, द्रोण. कौसल्या फक्त चौथी शिकलेली, पण ताईंच्या खालोखाल तिचा शब्द चालायचा. तिचा एकच कायदा होता. पोराच्या समोर 'ह्याला येत नाही' हे वाक्य बोलायचं नाही. पाहुणा आला आणि कुणाकडं बोट करून विचारलं, "ह्याला काही कळतं का?" तर ती म्हणायची, "तुमच्यापरीस जास्त कळतं. तुमाला हितं चप्पल काढायची असती हे कळलं न्हाय, त्याला कळलं." पाहुणा खाली बघायचा.

सदा तिथं आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. लासुर्ण्याकडचा. आई त्याला सोडून गेली ती पुढं दोन वर्षांत वारलीच. सदाला शर्टाची गुंडी लावता येत नव्हती. कौसल्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "आमच्या सदाला गुंडी येती." सदा ऐकायचा आणि छाती पुढं काढायचा, शर्ट उघडाच. दीड वर्ष लागलं. मग लागली. आता सदाच्या कानशिलावर पांढरे केस आहेत, आणि अजून त्याच्या शर्टाच्या सगळ्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या असतात, मे महिन्यातसुद्धा. दिवाळीला तो आमच्याकडंच असायचा. मला 'तात्या' म्हणून हाक मारायचा आणि माझी टोपी घालून अंगणात फिरायचा.

एक गोष्ट तिनं माझ्याकडून नेली होती. बॉयलरवर आमची पाळी बदलायची तेव्हा जाणारा माणूस येणाऱ्याला हाताला धरून न्यायचा, पाण्याची पातळी दिसते ती काच दाखवायचा, कुठला व्हॉल्व्ह आज कुरकुरतोय ते तोंडानं सांगायचा आणि म्हणायचा, "हवाली." समोरचा "हवाली" म्हणेपर्यंत कुणी जागा सोडायची नाही. मी हे घरी सहज सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून संस्थेत सुरू. पाळी बदलताना कौसल्या एकेका पोराचा हात धरून पुढच्या बाईच्या हातात द्यायची आणि एक वाक्य सांगायची. हिची आज दाढ दुखतीय. ह्याला आईची आठवण आलीय, गाणं लावा. आणि सदाचं वाक्य रोज तेच असायचं, "जेवताना शेजारी बसा." कारण सदा स्वतःच्या हातानं जेवतो, छान जेवतो, पण घास चावायचा विसरतो. एकावर एक घास कोंबतो. शेजारी बसून पाठीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "चाव... गीळ... आता घे." एवढंच. बाकी काही लागत नाही त्याला.

ताई थकल्या आणि मुलाकडं राहायला गेल्या. विश्वस्तांनी पुण्याहून एक साहेब आणले, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे. पोरगा सभ्य होता, शिवी देण्यासारखा नव्हता, हेच जास्त वाईट. त्याचा शब्द होता 'बदल व्यवस्थापन'. फळ्यावर डावीकडं 'काल' लिहिलं, उजवीकडं 'उद्या', आणि मध्ये बाण काढला. सगळ्या बायकांना पिवळ्या चिठ्ठ्या दिल्या, बदलाची जी भीती वाटते ती लिहा म्हणाला. कौसल्यानं लिहिलं, "भीती नाही. आधी सांगत जा कशासाठी ते." ती चिठ्ठी भिंतीला चिकटली आणि भिंतीलाच राहिली.

सगळा बदल वाईट होता असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू. पूर्वी कपडे सगळ्यांचे एकत्र असायचे, ज्याच्या अंगाला जे येईल ते. साहेबांनी प्रत्येकाला कपाट दिलं, कपाटावर फोटो लावला. कौसल्या त्यासाठी ताईंशी दहा वर्षं भांडत होती. ती त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "अहो, पोरगं हुशार हाय. ऐकतंय." पूर्वी तिथल्या माणसांना 'पोरं' म्हणायचे, मग 'विशेष मुलं' झाली, मग 'लाभार्थी'. साहेब म्हणाले आता नावानं आणि अहोजाहोनं बोलायचं. सदाचा 'सदाशिवराव' झाला. सदा तीन दिवस हसत होता. ते मलापण आवडलं. मग मात्र पाळीची हवाली बंद झाली. हात हातात द्यायला अर्धा तास जातो, तो वाचवायचा. पुढच्या पाळीनं टॅबवर वाचायचं. टॅबवर सदाचं वाक्य कुठं लिहायचं ते कुणालाच सापडलं नाही.

आणि मग तो फॉर्म आला. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा, क्षमता मूल्यांकन. तीन रकाने. स्वतः करतो, मदतीनं करतो, करू शकत नाही. जी सेविका ज्याला ओळखते तिनं भरायचा. कशासाठी, ते सांगितलं नाही. मोठे लोक येणार आहेत, संस्थेला मदत करणारे, त्यांना दाखवायचंय, एवढं बायकांच्या कानावर आलं. झालं. मोठी माणसं बघायला येणार म्हटल्यावर आमच्याकडची बाई काय करते? मुलीला स्थळ आल्यासारखं करते. कौसल्यानं सगळ्यांना ओटीवर बसवलं, पेन घेतलं आणि एकेकाला मोठ्यानं वाचून दाखवत पहिल्या रकान्यात खुणा केल्या. "आंघोळ? येती. कपडे? येत्यात. जेवण? येतं आमच्या सदाला." दर खुणेला पोरं टाळ्या वाजवायची. खाली सही केली, ठसठशीत, चौथीतल्या अक्षरात. त्या दिवशी घरी आली ती गाणं गुणगुणत. मला म्हणाली, "एकबी पोर नापास न्हाय."

महिन्याभरात कळलं की तो फॉर्म कुणाला दाखवायसाठी नव्हता. कुठल्या खोलीत किती बायका लागतात ते ठरवायसाठी होता. जे 'स्वतः जेवतात' त्यांची पंगत वेगळ्या खोलीत गेली आणि त्या खोलीत एकही सेविका ठेवली नाही. गरज नाही, कागदच सांगत होता. कौसल्याला धुण्याकडं पाठवलं. मदतीनं जेवणाऱ्यांच्या खोलीत बायका ठेवल्या, आणि तिथली पोरं होती दुसऱ्या सेविकेची. ती बाई आळशी होती, सगळ्यांना मधल्या रकान्यात टाकून मोकळी झाली होती. आळस केला तिची पोरं वाचली. जिनं अभिमान धरला तिची उघड्यावर पडली.

एके दुपारी सदाच्या घशात भाकरी अडकली. खोलीत मोठं माणूस कुणी नाही. बाकीची पोरं ओरडायला लागली तेव्हा शांताबाई स्वयंपाकघरातून धावल्या, त्याला पुढं वाकवून पाठीत धपाधप मारलं. तुकडा बाहेर आला. ओठ निळे पडले होते म्हणे. कौसल्या ओल्या हातांनी तडक ऑफिसात गेली. पुढचं मला तिनंच सांगितलं, दहादा सांगितलं, दरवेळी तसंच.

"साहेब, सदाच्या शेजारी बाई बसवा."

"मावशी, ते स्वतः जेवतात. तुम्हीच लिहिलंय. ही तुमची सही."

"मग मीच खोडते. आणा हिकडं."

"आता खोडता येत नाही. माहिती वर गेली."

"वर म्हंजी कुठं? देवाकडं?"

साहेब हसले नाहीत. पुढचं मूल्यांकन वर्षानं आहे म्हणाले. एका माणसाचा कागद मधेच बदलला तर सगळ्यांचे बदलावे लागतील म्हणाले. अहो, मग बदला की! बदल करायलाच आला होता ना तुम्ही? फळ्यावर बाण काढताना हात दुखला नाही, आणि एक खूण इकडची तिकडं करायला वर्ष लागतं?

त्या रात्री ती जेवली नाही. "मी माझ्या हातानं लिवलं," एवढंच म्हणत बसली. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या वेळेला धुणं टाकून सदाच्या शेजारी जाऊन बसायला लागली. आठवड्यानं साहेबांनी बोलावून घेतलं. ज्याला जे काम नेमलंय तिथंच थांबायचं, नाहीतर व्यवस्था कोसळते. जेवणाच्या खोलीत जायचं नाही. तर ही बया बाहेरून खिडकीशी उभी राहायला लागली. नियम खोलीचा होता, खिडकीचा नव्हता. पश्चिमेची भिंत, वर पत्रा नाही, समोर झाड नाही. गजातून आत तोंड करून रोज अर्धा तास, "सदा, चाव... गीळ... आता घे." आतली बाकीची पोरंही तिच्या तालावर चावायला लागली, शांताबाईंनी सांगितलं. सारी पंगत तिच्या शब्दावर जेवत होती. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. ऊन चढलं. ती डोक्यावर ओला टॉवेल टाकून जायची.

आता माझं लिहितो. दुसऱ्याला शिव्या घालायच्या तर आपली पण लाज सांगावी लागते. मी तिला साथ दिली नाही. मला वाटायचं, आता वय झालं, सोड नोकरी, घरी बस. त्या सकाळी ती डबा बांधत होती. मी म्हटलं, "सारं गाव हसतंय. म्हातारी खिडकीला लटकती म्हणून. तुझं काय पोटचं पोर हाय का ते?"

तिनं डब्याचं झाकण लावलं. म्हणाली, "न्हाय. मग कुणाचं हाय ते सांगा, त्याला बोलवून आणते."

मी टोपी उचलून बाहेर पडलो. दुपारी दाढीला गेलो... तेच आमचं शेवटचं बोलणं.

पाचव्या दिवशी साहेब घरी आले. हार घेऊन, बरोबर दोन विश्वस्त. ओसरीवर बसले. एक विश्वस्त म्हणाले, "मावशी आमच्या बदलाच्या प्रवासात शेवटपर्यंत सोबत होत्या." मी उठलो. आयुष्यात कुणाला दारातून हाकललं नव्हतं. म्हटलं, "सोबत न्हवती. तुमी तिला भाईर उभी केली. हार घेऊन जावा आणि सदाचा कागद घेऊन या. कागदाशिवाय या उंबऱ्यावर पाय ठेवायचा न्हाय." विश्वस्त गेले. साहेब उंबऱ्याशी थांबले. म्हणाले, "काका, मला खरंच माहीत नव्हतं त्या तिथं रोज..." मी म्हटलं, "तुमच्या ऑफिसची खिडकी त्याच भिंतीला हाय." त्यांनी मान खाली घातली. मला दया आली नाही. अजून येत नाही.

पण कागद आला. तेरावा झाल्यावर संस्थेत बोलावलं. फेरमूल्यांकन, फक्त एकाचं. पुण्याहून एक मुलगी आली होती तपासायला, बोलायला चांगली. तिनं सांगितलं, आता नियम असाय की ज्याचं मूल्यांकन त्याच्यासमोरच सगळं विचारायचं, पाठीमागं नाही, आणि त्याला ओळखणारं एक माणूस साक्षीला लागतं. कौसल्या असती तर म्हणाली असती, हे बरोबर हाय. मी साक्षीला बसलो. सदा इस्त्रीचा शर्ट घालून आला, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मुलीनं आधी त्यालाच विचारलं, "सदाशिवराव, तुम्ही स्वतः जेवता का?"

"जेवतो."

"शेजारी कुणी बसावं लागतं का?"

"न्हाय," सदा म्हणाला. छाती पुढं.

मग ती माझ्याकडं बघायला लागली. साहेबही बघायला लागले. मी इतके दिवस मनात ज्यांना शिव्या घालत होतो ती माणसं आता पेन उघडून तयार होती. पंचवीस-तीस वर्षांत जे वाक्य त्या वास्तूत कौसल्यानं कुणाला बोलू दिलं नाही, ते मला बोलायचं होतं, त्याच्या तोंडावर, त्याचा हात माझ्या गुडघ्यावर असताना. दुसरा रस्ता मला दिसला नाही. तुम्हाला दिसत असेल तर सांगा.

म्हटलं, "लिहा. त्याला एकट्याला जेवता येत न्हाय."

सदानं हात काढला. "मावशी म्हणली येतं."

"मावशी चुकली, सदा."

 तो उठला आणि खुर्ची नीट होती तशी भिंतीला लावून निघून गेला. मुलीनं खूण मधल्या रकान्यात केली, मी सही केली. खाली साहेबांनी लिहिलं, 'पुढील वर्षी फेरविचार.' बाकीच्यांचे कागद अजून तसेच आहेत. त्या खोलीत अजून सतरा माणसं कौसल्याच्या खुणांवर जेवतात आणि मी दर सोमवारी ऑफिसात जाऊन विचारतो, कधी. साहेब म्हणतात, प्रक्रिया सुरू आहे. मी म्हणतो, मीपण सुरू आहे.

सोमवारी जातो तेव्हा मदतीनं जेवणाऱ्यांच्या खोलीच्या दारात थांबतो, सदा आता तिथं जेवतो. एक नवी बाई सदाच्या शेजारी बसते, तरुण आहे, तिला त्याचं वाक्य मी तोंडानं सांगितलंय. सदा माझ्याशी बोलत नाही. मला बघितलं की ताट उचलतो, बाकावर उलटा फिरतो आणि भिंतीकडं तोंड करून बसतो. ती बाई ओशाळते, म्हणते, "तात्या, येईल बोलायला." मी म्हणतो, नाही आला तरी चालेल. मला त्याची पाठ दिसते आणि पाठीवर ठेवलेला हात दिसतो. तो चावतो, गिळतो, मग पुढचा घास घेतो. मी पंगत उठेपर्यंत उभा राहतो.